कागदोपत्री आंधळा

मी रडार बोलतोय. आकाशातली विमानं हुडकणारं नव्हे. ते मोठ्या घरचं. मी जमिनीखालचं बघणारं रडार. चार चाकं, ढकलायला एक दांडा, दांड्यावर पडदा आणि पोटाशी जमिनीला जवळजवळ घासत जाणारी केशरी पेटी, एवढंच माझं रूप. रस्त्यावरून जाणारे लोक मला कचरागाडी समजतात. काहींना मी फरशी पुसायचं यंत्र वाटतो. गैरसमज करून घेण्याइतकंही माझ्याकडे कुणी निरखून पाहत नाही, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

सध्या माझा मुक्काम आखातातल्या रास अल खोर भागात, एका गोदामात आहे. शेजारी रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडका वॉटर कूलर. माझ्या अंगावर कागद चिकटवलाय: 'सदोष. वापरू नये.' ज्यांनी तो चिकटवला त्यांच्या कपाळावर असा कागद लावायची पद्धत जगात अजून सुरू झालेली नाही, आणि ती कुणी सुरू करील असं दिसत नाही.

मी काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे माझ्यावर काय आळ आला ते कळेल. माझ्या पोटातून लहरी निघतात आणि जमिनीत शिरतात. तुमच्या स्वयंपाकघरात काल रात्रीची भाजी गरम करणाऱ्या मायक्रोवेव्हच्या लहरी याच कुळातल्या. फक्त माझ्या फार मवाळ, त्यांनी साधा पापडसुद्धा भाजायचा नाही. एकसारख्या वाळूतून त्या निमूट खाली जातात. वाटेत काही वेगळं भेटलं, पाइप, केबल, दगड, पोकळी, की त्या विखुरतात आणि त्यातल्या थोड्या माझ्याकडे परत येतात. किती वेळानं परत आल्या त्यावरून खोली कळते. पाइप पुढे असतो तेव्हा तिरका आणि लांब दिसतो, मी बरोबर डोक्यावर आलो की जवळ, पुढे गेलो की पुन्हा लांब. म्हणून पडद्यावर प्रत्येक पाइपची एक उलटी वाटी उमटते. वाटीचं टोक जिथं, तिथं पाइप. मला वस्तूंची नावं कळत नाहीत, फक्त फरक कळतो. नाव ठेवायचं काम माणसांचं, आणि ते त्यांना चांगलं जमतं.

या देशाच्या पोटात काय काय आहे ते मी पाहिलंय, आणि पाहून मला शिसारी आली आहे. वर काचेचे मनोरे, खाली बांधकामाचा राडा, फाटके मोजे, सिमेंटच्या गोण्या, कुणीतरी बंद करून विसरलेल्या केबली. माणसाला जे नको असतं ते तो पुरतो, आणि पुरलं की ते नाहीसं झालं असं समजतो. वर नकाशाही काढतो. जमिनीखालचा नकाशा म्हणजे लग्न जुळवताना दाखवलेली पत्रिका. जुळायला हवी तशी ती जुळवलेली असते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथं मला प्रेमानं कुणी वागवलं नाही, पण अपमानही केला नाही. मग मला चारुदत्तनं विकत घेतलं. हा मूळचा पुण्याचा, राहणार शारजातल्या अल मजाजला, धंदा खोदकामाआधीच्या जमीन-तपासणीचा. माझी पूजा याच गोदामात झाली. त्याची बायको शोभना हळद-कुंकवाचं ताट घेऊन माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून थांबली.

"अहो, याला कुंकू कुठं लावू? तोंड कुठंय याला?"

"पडद्याला लाव."

"आणि हे अन्नबिन्न गरम करतं का?"

"शोभना, हे रडार आहे."

"अवनी, नमस्कार कर बाळा," शोभना मुलीला म्हणाली.

"आई, इट्स अ लॉनमोवर," अवनीनं सांगितलं आणि हेडफोन परत कानात घातले.

मग चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं आणि मला त्यावरून ढकललं. माझ्या मागच्या चाकाला एक बारीक यंत्रणा आहे, मी किती अंतर चाललो ते ती मोजते. तिच्यात लिंबाचा रस गेला. पहिला आठवडा मी प्रत्येक पाइप त्याच्या जागेपासून हातभर पुढे दाखवला. त्याबद्दल बोलणी मला बसली. लिंबाला कुणी काही म्हणालं नाही.

मला चालवायला निनाद नावाचा इंजिनिअर होता, सांगलीचा. पोरगा वाईट नव्हता. वाटी ओळखायचा, जमिनीवर रंगानं नीट खुणा करायचा. पण गिऱ्हाइकाला माझी करडी, खरी चित्रं आवडत नसत. "इसमें कुछ कलर डालो ना," असं ते म्हणत. मग निनाद माझ्या चित्रांना लाल, पिवळा, निळा रंग चढवी आणि गिऱ्हाईक त्यात काहीच न समजता मान डोलवी. रंग दिसला की माणसाला ज्ञान झाल्यासारखं वाटतं.

माझी एकच दुबळी बाजू आहे. खाडीच्या काठाला इथं खारट, ओलसर जमीन आहे, तिला सबखा म्हणतात. वर मिठाचा पापुद्रा, खाली खारं पाणी. तिथं माझ्या लहरी शिरतात आणि संपतात, परत येतच नाहीत. पडद्यावर नुसतं धुकं. हा माझा दोष नाही, जमिनीचा स्वभाव आहे, आणि माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात तसं लिहिलंय. पुस्तिकेचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नाही.

आता शाहबाज. हा पेशावरकडचा, खोदणारं यंत्र चालवायचा. मी पुढे, तो मागे, अशी आमची जोडी. मी बघून झालं की निनादनं खुणा करायच्या, मग परवानगीच्या कागदावर सही करून तो शाहबाजच्या हातात द्यायचा, आणि मगच खोदायचं, असा नियम आहे. नियम फार चांगला आहे. तो काचेत घालून ऑफिसच्या भिंतीवर टांगलाय. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर शाहबाज केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचा, "साब, हो गया?" आणि निनाद म्हणायचा, "खलास."

झालं. सहीऐवजी शब्द. हा शब्द इथं सगळ्यांचा आहे. चहा संपला, खलास. काम झालं, खलास. भांडण मिटलं, तेही खलास. अरबी आहे, पण केरळचा सुतार आणि नेपाळचा पहारेकरी, दोघांनाही तो आपलाच वाटतो. अडचण एवढीच की तो सांगलीच्या माणसाचाही आहे, आणि सांगलीत त्याचा अर्थ निराळा.

त्या सकाळी आम्ही अल कुसैसमध्ये होतो. एका इमारतीच्या मागच्या गल्लीत सांडपाण्याची नवी लाइन टाकायची होती. नकाशात विजेची केबल गल्लीच्या पलीकडच्या बाजूला दाखवली होती. निनाद मला रेघेरेघेनं फिरवत होता. शाहबाज यंत्र सुरू ठेवून बसला होता, कारण बंद केलं की केबिनचा एसी बंद पडतो. भिंतीलगतच्या शेवटच्या रेघेवर माझ्या पडद्यावर वाटी उमटली. इतकी स्वच्छ, कोरीव वाटी मी आयुष्यात थोड्याच पाहिल्यात. उथळ, जाड, ठळक. केबल अलीकडेच होती, बरोबर खोदायच्या जागी.

निनाद पाहत राहिला. नकाशा खोटा, लाइन नव्यानं आखायची, गिऱ्हाइकाची बोलणी खायची, शुक्रवारी शोभनावहिनींकडे जेवायला बोलावलंय ते बोंबलणार, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर मला एकामागून एक दिसलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला,

"खलास."

शाहबाजनं शब्द ऐकला. कपाळावर गेलेला हात त्याला सलाम वाटला. त्यानंही हात उचलून सलाम केला आणि दांडा ओढला.

निनाद ओरडला, पण तोवर यंत्राची खोदायची बादली जमिनीत गेली होती. पांढरा-निळा लोळ उठला, गल्लीभर आवाज घुमला. शाहबाज उघड्या खिडकीतून बाहेर पडला की फेकला गेला, कुणास ठाऊक. पण तो उठला आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत उभा राहिला. तो हात कोपरापर्यंत भाजला होता. आसपासच्या इमारतींची वीज गेली. लोक गॅलरीत आले. खाली भाजलेला माणूस उभा, आणि तिसऱ्या मजल्यावरून एक सद्गृहस्थ विचारत होते, "एसी कब तक आएगा?"

संध्याकाळी मला गोदामात आणलं. चारुदत्त आणि निनाद माझ्या शेजारीच उभे राहून बोलले. यंत्रासमोर माणसं काहीही बोलतात. नोकरासमोर बोलतात तसं.

"तू रंगाच्या खुणा केल्या होत्यास?" चारुदत्तनं विचारलं.

"नाही सर. करणारच होतो."

"सही दिली होतीस?"

"सर, सही आपण कधी देतो?"

"म्हणजे त्यानं सहीशिवाय खोदलं."

निनाद माझ्या पडद्यावरची धूळ पुसू लागला.

"कागदावर तसंच होतंय ना, निनाद? मी काही खोटं बोलत नाहीये. परवानगी नसताना खोदलं. चूक ड्रायव्हरची. त्याचा व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवायचा. वाईट वाटतं, पण काय करणार, हबीबी?"

"सर, मी..."

"तू काय?"

"काही नाही."

हे 'काही नाही' मी ऐकलं. मला जमिनीखालची केबल दिसते, पण तोंड नाही. निनादला तोंड होतं. देवानं वाटप करताना जरा चौकशी करायला हवी होती. शाहबाजचा हात पुन्हा धड मिटेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. असा हात घेऊन गावी गेलेल्या माणसाला खोदायच्या यंत्रावर कोण बसवणार? पण तो प्रश्न पेशावरकडचा होता आणि हे दोघे रास अल खोरमध्ये होते.

चौकशीला आल्या बिलकीस मॅडम. ज्यांचं काम चाललं होतं त्या कंपनीच्या सुरक्षा अधिकारी, मूळच्या हैदराबादच्या. त्याच खड्ड्याच्या कडेला सगळे उभे राहिले. मलाही नेलं होतं, आरोपीला नेतात तसं.

शाहबाज गळ्यात हात बांधून आला होता. तो एकच वाक्य बोलला. "मॅडम, साब ने खलास बोला, तो मैं ने खोदा."

"आप ने खलास बोला?" मॅडमनी निनादला विचारलं.

निनादनं चारुदत्तकडे पाहिलं. चारुदत्त फोनमध्ये पाहत होता. निनादनं मग शाहबाजच्या हाताकडे पाहिलं.

"बोला, मॅडम. लेकिन मराठी में बोला."

"क्या मतलब?"

"मराठी में खलास मतलब... मेले. मर गए. नीचे केबल दिखी, तो मुँह से निकल गया."

"ये मराठी जानता है?"

"नहीं."

"तो आप बात किस से कर रहे थे?"

"अपने आप से, मॅडम."

त्या वेळी मला निनादबद्दल आदर वाटला. खरं बोलताना माणूस इतका बावळट दिसतो हे मला ठाऊक नव्हतं, पण आदर वाटला. शाहबाज तर हसला. "साब, मुझ को क्या मालूम, आप मेरे लिए फातिहा पढ़ रहे हो," तो म्हणाला.

आता चूक ड्रायव्हरची राहिली नव्हती. ती सरकत सरकत सहीशिवाय काम करणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे चारुदत्तकडे यायला निघाली होती. त्यानं फोन खिशात ठेवला.

"मॅडम, लडका घबरा गया है," तो म्हणाला. "बात सिंपल है. मशीन हँग हो गई थी. स्क्रीन पे कुछ था ही नहीं. इसलिए इस ने खलास बोला. मतलब, मशीन खलास."

एका शब्दाचे दोन अर्थ मला ठाऊक होते. तिसरा चारुदत्तनं तिथं उभ्या उभ्या घडवला. मला त्याची किळस आली, पण कारागिरी मानावी लागेल. या अर्थात निनाद निर्दोष, शाहबाज निर्दोष, कंपनी केवळ दुर्दैवी. चूक फक्त माझी.

"साबित कीजिए," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर गाडीत चारुदत्त निनादला म्हणाला, "शाहबाजला वाचवायचंय ना तुला? मग हाच रस्ता आहे. मशीनला बायका-पोरं नाहीत."

माझी परीक्षा कुठं झाली, ओळखा. खाडीच्या काठावर, सबखावर. तिथं चारुदत्तनं एक लोखंडी पाइप आधीच पुरून ठेवला होता. निनादनं मला त्यावरून तीनदा फिरवलं. तिन्ही वेळा धुकं. त्याला ठाऊक होतं की इथं जगातलं कोणतंही रडार आंधळंच होतं.

"देखिए मॅडम, इतना मोटा पाइप, और कुछ नहीं दिखता," चारुदत्त म्हणाला.

बिलकीस मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे. बुटांना मिठाचा पांढरा थर बसला होता. त्यांनी थोडा वेळ त्या थराकडे पाहिलं, मग शाहबाजच्या बांधलेल्या हाताकडे, आणि म्हणाल्या, "ठीक है." त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. कळून गप्प बसणारी माणसं मी न कळणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

अशा रीतीनं मी आंधळा ठरलो. डोळे शाबूत असताना, कागदोपत्री. विम्याची भरपाई मिळाली, नवी मशीन आली. शाहबाजची बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत, म्हणून त्याला या गोदामाचा राखणदार केला. मागे गटार आहे त्या भिंतीलगत दारातून वारा येतो, तिथं तो खुर्ची टाकून बसे. माझ्यावर धूळ साचली की कधी कधी उजव्या हातानं पुसे. मी ते उपकार म्हणून घेतलं नाही. तो गाडीच्या काचाही पुसायचा.

मग चारुदत्तला शारजाचं एक गिऱ्हाईक भेटलं आणि मी विक्रीला निघालो. फोनवर चारुदत्त सांगत होता, "एकदम चालू कंडिशन, हबीबी. बिलकुल नई जैसी." बिलकीस मॅडमसाठी आंधळा आणि शारजासाठी डोळस. मी या दोन सोंगांच्या मध्ये उभा होतो आणि मला दोन्हीकडची घाण येत होती.

मला तपासायला निनाद आला. कागद बाजूला सारून त्यानं मला सुरू केलं आणि गोदामाच्या फरशीवरून ढकलू लागला. सिमेंटमधल्या सळयांच्या बारीक वाट्या शिस्तीत येत होत्या. खाली वाळूचा करडा रंग. सगळं ठीक. शाहबाज खुर्चीत चहा पीत होता. निनाद त्याच्याजवळ पोचला आणि माझा पडदा बदलला. सळयांखाली जिथं मंद करडं यायला हवं, तिथं लखलखीत पट्टा आला, काळ्या-पांढऱ्याची उलटापालट झालेला, रुंद. गटारातून गळणाऱ्या पाण्यानं वाळू वाहून नेली होती. फरशीखाली हवा होती. शाहबाजच्या खुर्चीखाली आणि पुढे भिंतीपर्यंत.

निनादनं मला मागे ओढलं, पुन्हा पुढे नेलं. पट्टा तसाच. त्याच्या तोंडून निघालं,

"खलास."

शाहबाजनं कप खाली ठेवला.

"कौन सी ज़बान में, साब?"

निनाद 'अरबीत' म्हणाला असता तर मी विकला गेलो असतो आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

"मराठी में," तो म्हणाला.

शाहबाज उठला. उजव्या हातानं खुर्ची उचलली आणि समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवली. मला क्षणभर वाटलं, झालं, सुटलो. माझं म्हणणं कुणीतरी ऐकलं.

मी माणसांना अजूनही ओळखत नव्हतो.

निनादनं चारुदत्तला सांगितलं.

"कशावरून म्हणतोस?" चारुदत्तनं विचारलं.

"मशीनवर दिसलं, सर."

"कोणत्या मशीनवर?"

"सर..."

"ही मशीन आंधळी आहे, निनाद. तूच फिरवून दाखवलंस. आता मी जागामालकाला जाऊन सांगू, खाली पोकळी आहे? तो विचारेल, कशानं कळलं. मग मॅडम विचारतील, तेव्हा का नाही दिसलं. मग शाहबाजची फाइल उघडेल. आधी त्याची, मग तुझी."

"सर, नव्या मशीननं बघूया. आपण म्हणू, नव्यात दिसलं."

"आणि मग दुरुस्तीला सगळं गोदाम रिकामं करू? यल्ला, कामाला लाग. विकायचं आपण रद्द करू. चालणारी मशीन बाजारात फिरायला नको."

निनाद कामाला लागला. पुढच्या महिन्यात त्यानं दुसरीकडे नोकरी धरली. जाताना माझा दांडा एकदा धरला आणि सोडला. माणसं निरोप घेतात तो असा, हात धुतल्यासारखा.

चारुदत्तनं त्यानंतर अर्धं गोदाम विघ्नेश नावाच्या कांद्याच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं. कोणतं अर्धं, ते सांगायला नको. आता तिथं कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या छताकडे चालल्यात. दिवसभर फोर्कलिफ्ट त्याच फरशीवरून ये-जा करते. ती चालवणारा माणूस हसरा आहे. शाहबाज पहिल्या दिवशी त्याला म्हणाला, "भाई, दीवार की उस साइड से मत ले जा."

"क्यों?"

शाहबाज माझ्याकडे बघत राहिला. कारण सांगायचं तर मला डोळे आहेत हे सांगावं लागलं असतं, आणि मला डोळे असतील तर त्याला नोकरी नाही. "बस, मत ले जा," एवढंच तो म्हणाला.

"चाचा, उधर ठंडा रहता है, प्याज खराब नहीं होता," फोर्कलिफ्टवाला म्हणाला आणि गेला. शाहबाज आता खुर्ची दाराबाहेर, उन्हात टाकतो. अल कुसैसमध्ये त्याच्यावर जे बेतलं ते न कळल्यामुळे. इथं त्याला कळतंय. भाजलेल्या हाताची मला दया येत होती. या बाहेर टाकलेल्या खुर्चीची येत नाही.

हल्ली फरशीला एक चीर गेली आहे, केसासारखी. झाडताना कांद्याची सालं तिच्यात जातात आणि परत वर येत नाहीत. झाडणाऱ्याला आनंद आहे, तेवढाच कचरा कमी.

वाचकहो, मला विका, मोडा, भंगारात घाला, माझी हरकत नाही. तुमच्यात राहून मला वीट आलाय. पण हे वाचणारं कुणी रास अल खोरच्या बाजूला कांदे घ्यायला गेलंच, तर त्या हसऱ्या माणसाला एवढं सांगा की खाली जमीन नाही. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, हातवारे करून सांगा. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नका. मी आंधळा आहे, कागदावर तसं आहे.

संध्याकाळी शेवटची गोणी थप्पीवर टाकली की तो फोर्कलिफ्ट बंद करतो, हात झटकतो आणि मोठ्यानं म्हणतो, "खलास."

आजवर तो ते अरबीत म्हणतोय.